जुन्या पीसी-एक्सटीला १.४४ एमबीचा फ्लॉपी ड्राइव्ह कसा जोडायचा

प्रश्न असा आहे: छापखान्याच्या माळ्यावर एक पीसी-एक्सटी, म्हणजे १९८० च्या दशकातला आयबीएमचा संगणक, सापडला. ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, सव्वापाच इंची ३६० केबीचे दोन ड्राइव्ह, २० एमबीची हार्ड डिस्क आणि डॉस ३.३. त्यातला दुसरा ड्राइव्ह काढून तिथे साडेतीन इंची १.४४ एमबीचा लावला आणि कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतं ती फाइल) ड्रायव्हर.सिसची ओळ घालून १.४४ चा प्रकार सांगितला. दिवा लागतो, मोटर फिरते, पण फॉरमॅट करायला गेलं की 'ट्रॅक झीरो बॅड' म्हणून थांबतं. ड्राइव्ह बदलून पाहिला तरी तेच. आता काय?

ड्राइव्ह दोन्ही चांगले असणार. अडलंय ते त्यांच्या मागच्या कार्डात. साधा हिशोब करून पाहा. साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. एक्सटीचं मूळ फ्लॉपी कार्ड सेकंदाला २,५०,००० बिट या एकाच वेगानं लिहितं-वाचतं. एका फेऱ्यात त्यानं ५०,००० बिट होतात, म्हणजे ६,२५० बाइट. १.४४ च्या फ्लॉपीला एका ट्रॅकवर १८ सेक्टर लागतात. प्रत्येकी ५१२ धरले तर नुसता डेटाच ९,२१६ बाइट, शिवाय सेक्टरांचे पत्ते आणि मधल्या मोकळ्या जागा वेगळ्या. डॉसनं कार्डाला १८ सेक्टर आखायला सांगितले, कार्डानं इमानेइतबारे आखायला सुरुवात केली, फेरा संपला तरी निम्मे सेक्टर बाकीच. मग उरलेले पहिल्यांच्या डोक्यावर आखले गेले. पडताळणीच्या वेळी सेक्टर १ जागेवर नाही, म्हणून 'ट्रॅक झीरो बॅड'. फ्लॉपीचा दोष नाही, ड्राइव्हचाही नाही.

हे कार्ड असं का, ते थोडक्यात. १९८१ च्या आयबीएम पीसीत आणि १९८३ च्या एक्सटीत एनईसीची ७६५ ही कंट्रोलर चिप होती. ती स्वतः दुप्पट वेगानं काम करू शकते. पण तिच्या भोवतीचं घड्याळ आणि डेटा सेपरेटर (ड्राइव्हकडून आलेल्या इशाऱ्यातले बिट वेगळे काढणारा भाग) सेकंदाला २५० किलोबिटवर कायमचे बांधलेले होते, कारण तेव्हा दुसरं काही लागतच नव्हतं. १९८४ मध्ये एटी आला, त्याबरोबर १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह आला, आणि कार्डावर ३एफ७ या पत्त्याचं वेग निवडायचं रजिस्टर आलं: २५०, ३०० किंवा ५०० किलोबिट. १.४४ तर त्याहून पुढचा, १९८७ च्या पीएस/२ बरोबरचा. एक्सटीच्या बायॉसला, म्हणजे मशीन सुरू होताच चालणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, ना त्या रजिस्टरची खबर, ना १८ सेक्टरांची. म्हणजे उणिवा दोन: कार्डाला वेग नाही आणि बायॉसला माहिती नाही. ड्रायव्हर.सिस यातली एकही भरून काढत नाही. ते डॉसला फक्त ड्राइव्हचा आकार सांगतं, वेग बदलणं त्याच्या हातात नाही.

पुढे जाण्याआधी स्वतःला एक विचारा: १.४४ खरंच हवेत, की साडेतीन इंची फ्लॉपी चालली म्हणजे झालं? बहुतेकांना दुसरंच हवं असतं, आणि ते काम तुम्ही लावलेल्या ड्राइव्हवर, मूळ कार्डावर, एक पैसा न घालता होतं. १.४४ चा ड्राइव्ह २५० किलोबिटनं चालवला की तो ७२० केबीचा ड्राइव्ह होतो. फेरे तेच ३००, ट्रॅक तेच ८०, सेक्टर फक्त ९. डॉस ३.२ पासून ७२० केबी चालतं, तुमच्याकडे ३.३ आहे. कॉन्फिग.सिसमधली ओळ अशी करा (टाइप अर्थातच रोमनमध्ये): डिव्हाइस=सी:\डॉस\ड्रायव्हर.सिस /डी:१ /एफ:२. डी:१ म्हणजे दुसरा प्रत्यक्ष ड्राइव्ह, कारण मोजणी शून्यापासून. एफ:२ म्हणजे ७२० केबी. तुम्ही घातलेला एफ:७ हा १.४४ चा.

इथे एक खाच आहे, आणि ती महागात पडू शकते. ड्रायव्हर.सिस त्या ड्राइव्हला नवं अक्षर देतं. बी: हे जुनं अक्षर तसंच राहतं आणि डॉस त्याला अजून ३६० केबीचाच समजतं. म्हणजे तोच ड्राइव्ह, दोन नावं, दोन आकार. मशीन सुरू होताना पडद्यावर 'लोडेड एक्स्टर्नल डिस्क ड्रायव्हर फॉर ड्राइव्ह डी' अशी ओळ येते. ती नीट वाचा आणि त्याच अक्षरावर फॉरमॅट द्या. हार्ड डिस्कचे दोन भाग केलेले असतील तर डी: हा हार्ड डिस्कचा दुसरा भाग असतो आणि फ्लॉपी ई: होते. 'डी:च असणार' अशा समजुतीवर फॉरमॅट मारू नका. काम नीट झालं तर शेवटी ७,३०,११२ बाइट मोकळे दिसतात. ३,६२,४९६ दिसले तर तुम्ही बी: वर फॉरमॅट मारलं आहे.

फ्लॉपी कुठली घालायची? ७२० ची फ्लॉपी खरी डबल डेन्सिटी असावी: एकाच कोपऱ्यात चौकोनी भोक, सरकपट्टीचं. हाय डेन्सिटी फ्लॉपीला समोरच्या कोपऱ्यात आणखी एक भोक असतं, आणि बहुतेक ड्राइव्ह ते भोक पाहून स्वतःच लिहिण्याचा प्रवाह बदलतात. एचडी फ्लॉपीवर तुम्ही एक्सटीवर ७२० केबी आखलं तर ती तुमच्या ड्राइव्हला वाचता येईल, पण दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह भोक पाहून तिला १.४४ समजतो आणि अडतो. यूएसबीचे ड्राइव्ह तर यात हमखास रुसतात. डीडी फ्लॉप्या आता सहज मिळत नाहीत, म्हणून एचडीच्या त्या भोकावर जाड, अपारदर्शक चिकटपट्टी लावायची पद्धत आहे. पातळ सेलोटेप नको. सेन्सरची पिन ती आत ढकलते, आणि काही ड्राइव्हमध्ये सेन्सर प्रकाशाचा असतो, त्याला पारदर्शक टेप दिसतच नाही. दोन्ही प्रकारच्या फ्लॉप्यांच्या चुंबकीय थरात साडेतीन इंचीत फरक थोडाच असतो, त्यामुळे फाइली इकडून तिकडे न्यायला हे चालतं. जपून ठेवायच्या डेटासाठी वापरू नका. फ्लॉपी आधी १.४४ ला आखलेली असेल तर चुंबकानं पूर्ण पुसून मगच घ्या, नाहीतर जुन्या जोरकस लिखाणाचे अवशेष मधूनमधून डोकं वर काढतात. फॉरमॅट नेहमी एक्सटीवरच करा आणि मग नव्या मशीनवर न्या. नव्या विंडोजला ७२० केबी आखायला लावणं हा वेगळाच वैताग आहे.

आता तरीही १.४४ च हवे असतील, तर दोन गोष्टी लागतील: ५०० किलोबिटचं कार्ड आणि त्याला चालवणारं बायॉस.

कार्ड मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. १९९० च्या आसपासचं १६ बिटी मल्टी आयओ कार्ड, ज्यावर आयडीई (हार्ड डिस्कची नंतरची जोडणी), फ्लॉपी, दोन सीरियल, एक प्रिंटर पोर्ट एकत्र असतात, ते एक्सटीच्या ८ बिटी स्लॉटमध्येही बसतं. मागची अर्धी पट्टी हवेत राहते, राहू द्या. फक्त खाली मदरबोर्डवरच्या एखाद्या कपॅसिटरला ती टेकत नाही ना, ते पाहा. फ्लॉपीला लागणारं सगळं पुढच्या ८ बिटी भागातच आहे: इंटरप्ट ६ (कार्डाची प्रोसेसरला हाक मारायची तार), डीएमए चॅनल २ (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा टाकायची वाट), पत्ते ३एफ० ते ३एफ७. कार्डावरची आयडीई जंपरनं बंद करा, एक्सटीत तिचा उपयोग नाही. सीरियल आणि प्रिंटर पोर्ट मशीनवर आधीच असतील तर तेही बंद. मूळ फ्लॉपी कार्ड काढून ठेवा, कारण दोन्ही एकाच पत्त्यावर बसतात. त्यात तोटा काही नाही, नवं कार्ड २५० किलोबिटही देतं आणि तुमचा ३६० चा ड्राइव्ह त्यावरच चालतो. तुमच्या हार्ड डिस्कचं कार्ड सहसा इंटरप्ट ५, डीएमए ३ आणि ३२० चा पत्ता वापरतं, त्याच्याशी भांडण होत नाही. अशी सगळीच मल्टी आयओ कार्डं ८ बिटी स्लॉटमध्ये चालतात असं मात्र नाही, त्यामुळे परत करता येईल अशा बोलीवर घ्या.

बायॉसचा भाग जास्त नाजूक. एक्सटीचं बायॉस सुरू होताना सी८००० पासून पुढे दर २ केबीवर डोकावतं आणि ५५ एए ही खूण दिसली की तिथला प्रोग्रॅम चालवतं. हार्ड डिस्कचं कार्ड याच वाटेनं आत येतं. त्याच वाटेनं फ्लॉपीचं नवं बायॉसही येऊ शकतं. 'मल्टी-फ्लॉपी बायॉस एक्स्टेन्शन' या नावाचं मुक्त-स्रोत रॉम (चिपमध्ये कायमचा लिहिलेला प्रोग्रॅम) आज त्यासाठी सर्रास वापरतात. ते ३६० पासून २.८८ एमबीपर्यंतचे ड्राइव्ह सांभाळतं. मशीन एक्सटी नसून मूळ ५१५० पीसी (१९८१ चा आयबीएम पीसी) असेल तर आधी त्याच्या बायॉसची तारीख पाहा: २७ ऑक्टोबर १९८२ च्या आधीचं बायॉस असे जोड-रॉम शोधतच नाही. तिथे आधी मदरबोर्डवरची रॉम बदलावी लागते.

रॉम ८ केबीची, म्हणजे २७६४ ईप्रॉम किंवा २८सी६४ ईईप्रॉम. मी म्हणेन २८सी६४ घ्या. जुन्या २७६४ ला लिहायला २१ व्होल्ट लागतात आणि सगळे स्वस्त प्रोग्रॅमर ते देत नाहीत. शिवाय चूक झाली की ईप्रॉम अतिनील दिव्याखाली पुसत बसा. ईईप्रॉम जागेवरच पुसली जाते. ती बसवायला सॉकेट हवं: एक्सटी-आयडीई कार्डावर (एक्सटीला आयडीई डिस्क जोडणारं खास कार्ड) असतं, जुन्या नेटवर्क कार्डावर बूट रॉमसाठी असतं, किंवा नुसतं रॉमचं छोटं कार्डही मिळतं. पत्ता निवडताना आधी कोण कुठे बसलंय ते कागदावर मांडा. व्हीजीए कार्ड असेल तर सी०००० ते सी७एफएफएफ त्याचं. एक्सटीच्या हार्ड डिस्कचं रॉम सहसा सी८००० वर. ईएमएस कार्ड (६४० केबीच्या पलीकडची जादा मेमरी देणारं) असलं तर त्याची ६४ केबीची खिडकी बहुधा डी०००० किंवा ई०००० वर. उरलेल्या जागेत फ्लॉपीचं रॉम टाका.

बसवल्यावर ड्राइव्हला हात लावण्याआधी डॉसमध्ये डीबग चालवा आणि रॉमचा पत्ता छापून पाहा, उदाहरणार्थ डी डी८००:०. पहिले तीन बाइट ५५ एए १० दिसले पाहिजेत. तिसरा बाइट म्हणजे रॉमची लांबी, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत. सोळाच्या पायावरचे १० म्हणजे १६ तुकडे, म्हणजे ८ केबी. सगळीकडे एफएफ एफएफ दिसलं तर रॉम त्या पत्त्यावर नाहीच: जंपर तपासा, चिप उलटी बसली नाही ना ते पाहा. ५५ एए दिसतं पण सुरू होताना रॉमची ओळख येत नाही, तर चेकसम चुकलाय. सगळ्या बाइटांची बेरीज करून शेवटचे दोन आकडे शून्य आले नाहीत तर बायॉस ते रॉम चालवत नाही. फाइल अर्धवट उतरवलेली असणं किंवा चिपमध्ये लिहिताना घोळ होणं ही नेहमीची कारणं. हे सगळं जुळलं की ड्रायव्हर.सिसची ओळ काढून टाका, तिची गरज नाही. फॉरमॅटनंतर १४,५७,६६४ बाइट दिसले की १.४४ मिळाले.

रॉमची खटपट नको असेल तर डॉस चढताना लोड होणारे प्रोग्रॅमही आहेत, टू-एम एक्सबायॉस त्यातला एक. चालतात, पण डॉस चढेपर्यंत मशीनला १.४४ कळत नाही, म्हणजे त्या फ्लॉपीवरून बूट नाही. आणि कार्ड ५०० किलोबिटचं लागतंच.

केबलबद्दल. ३४ तारांच्या पट्टीत १० ते १६ या सात तारा दोन जोडण्यांच्या मध्ये पिळलेल्या असतात. सगळे ड्राइव्ह 'दुसरा' म्हणून जंपर केलेले असतात आणि पिळामुळे टोकाचा ए: होतो, मधला बी:. साडेतीन इंची ड्राइव्ह बहुतेक वेळा असेच येतात, जंपरला हात लावू नका. सव्वापाच इंचीला कार्डाच्या कडेसारखा जोड लागतो, साडेतीन इंचीला पिनांचा. दोन्ही तऱ्हेचे जोड असलेली पाच तोंडांची केबल घ्या. आयबीएमच्या मूळ फ्लॉपी कार्डावरही कडेचाच जोड आहे, मल्टी आयओवर पिना. मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिबन केबल आणि दाबायचे जोड सुटे मिळतात, पण पिळाची जागा मोजून घरी बनवण्यापेक्षा तयार केबल बरी.

सव्वापाच इंची ड्राइव्ह केबलच्या टोकाला, ए: म्हणून, आहे तिथेच राहू द्या. त्याला कारण आहे. त्याच्यावर १५० ओहमचा टर्मिनेटरचा (तारेच्या टोकाला इशारा उलटून परत येऊ न देणाऱ्या रोधकांचा) डबा असतो आणि तो ओळीच्या टोकाला असायला हवा. साडेतीन इंचीवर फक्त हलके, कायमचे रोधक असतात, त्यामुळे त्याला मध्ये बसवणं सोयीचं.

विजेची जोडणी करताना घाई नको. साडेतीन इंचीचा छोटा चार पिनांचा जोड मोठ्या जोडासारखाच लाल-काळा-काळा-पिवळा असतो, पण क्रमांक उलटे: छोट्यावर पहिली पिन ५ व्होल्टची लाल, मोठ्यावर पहिली १२ व्होल्टची पिवळी. तयार अडॅप्टर घ्या आणि ड्राइव्हला लावण्याआधी मल्टिमीटरनं मोजा. प्लास्टिक नरम असेल तर हा छोटा जोड एक पिन सरकूनही बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह गेलाच. एक्सटीच्या १३० वॉटच्या पॉवर सप्लायला हा ड्राइव्ह जड नाही. मूळ पीसीचा ६३.५ वॉटचा सप्लाय मात्र हार्ड डिस्क असेल तर आधीच काठावर असतो. मदरबोर्डवरचे ७ आणि ८ नंबरचे स्विच ड्राइव्हांची संख्या सांगतात. दोन असतील तर ७ बंद, ८ चालू. तुम्ही ड्राइव्ह फक्त बदललाय, त्यामुळे ते बरोबरच असतील.

चालू करताच ड्राइव्हचा दिवा लागून राहिला आणि विझतच नाही, तर केबल उलटी आहे. घाबरू नका, उलट्या केबलनं सहसा काही जळत नाही, पण आत फ्लॉपी असेल तर तिचा पहिला ट्रॅक गेला असं समजा. पहिली तार म्हणजे रंगीत कडेची. ती पिन १ कडे. पिन १ विजेच्या जोडाकडे असते असं म्हणतात, पण ते दरवेळी खरं नसतं. बोर्डावर छापलेलं वाचा. सुरू होताना ६०१ आला तर फ्लॉपीचा कंट्रोलर किंवा ड्राइव्ह हललेला आहे. दोन्ही दिवे एकदम लागले तर ड्राइव्ह निवडीत घोळ आहे.

एक दोष मात्र गुपचूप मारतो. फ्लॉपी बदलता, डीआयआर देता, आणि आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसते. ३४ व्या तारेवरून 'फ्लॉपी बदलली' हा इशारा यायला हवा, तो येत नाहीये. एक्सटीचं जुनं बायॉस ही तार पाहतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न नव्हता. नवं रॉम पाहतं. ३६० च्या ड्राइव्हचा प्रकार रॉमच्या सेटिंगमध्ये चुकून १.२ किंवा १.४४ सांगितला, किंवा दुसऱ्याच जातीच्या संगणकातून काढलेला साडेतीन इंची ड्राइव्ह वापरला, ज्यात ३४ वर 'तयार' असा वेगळाच इशारा असतो, की हे होतं. अशा अवस्थेत एकही फाइल लिहू नका. जुन्या फ्लॉपीचं फॅट (कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता) नव्या फ्लॉपीवर लिहिलं जातं आणि दोन्हींतलं काहीच हाती राहत नाही.

टर्बो एक्सटीवर (४.७७ पेक्षा जास्त वेगाचं घड्याळ असलेल्या नकली एक्सटीवर) ५०० किलोबिटला मधूनच वाचनाच्या चुका आल्या तर आधी टर्बो बंद करून पाहा. या वेगाला दर १६ मायक्रोसेकंदांनी एक बाइट उचलावाच लागतो. ४.७७ वर हे जमतं. घड्याळ वाढवलेल्या नकली बोर्डांवर डीएमएची वेळ कधी कधी घसरते.

कुणी तुम्हाला साडेतीन इंचीऐवजी १.२ चा सव्वापाच इंची ड्राइव्ह सुचवेल, तर मूळ कार्डावर तो लावू नका. तो मिनिटाला ३६० फेरे घेतो, त्यामुळे ३६० केबीची फ्लॉपी त्यात वाचायलाही ३०० किलोबिट लागतात, आणि ते एक्सटीच्या कार्डाकडे नाहीत. शिवाय त्याचं हेड अर्ध्या रुंदीचं. ३६० च्या ड्राइव्हनं लिहिलेल्या ट्रॅकवर त्यानं पुन्हा लिहिलं की मधोमध नवं आणि कडेला जुनं राहतं, आणि ३६० चा ड्राइव्ह दोन्ही एकदम वाचायला जाऊन गोंधळतो. गोटेक, म्हणजे यूएसबीवरून फ्लॉपीचं सोंग घेणारा डबा, लावणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे: त्यात १.४४ ची प्रतिमा (सगळ्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल) टाकली तर तो ५०० किलोबिटनंच बोलणार. मूळ कार्डावर त्याला ७२० किंवा ३६० च्याच प्रतिमा द्या.

आणि मूळ काम जर छापखान्याच्या जुन्या ३६० फ्लॉप्यांतला मराठी मजकूर वाचवणं एवढंच असेल, तर एक्सटीला ड्राइव्ह जोडण्याआधी त्या फ्लॉप्या उजेडात धरून पाहा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यांत पडून राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. अशी एक फ्लॉपी हेडला घाण करते आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉपीला चरे पाडते. एखादी संशयास्पद फ्लॉपी फिरवलीच तर पुढची घालण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसा. फ्लॉप्या बऱ्याच असतील तर ग्रीझवीझलसारखं फ्लक्स (फ्लॉपीवरचे कच्चे चुंबकीय बदल) वाचणारं उपकरण आणि एक १.२ चा ड्राइव्ह नव्या मशीनला जोडून आधी प्रतिमा काढून घ्या. फाइली बाइटला बाइट जशाच्या तशा येतील. त्या इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांची युनिकोडआधीची संकेतपद्धती) आहेत की एखाद्या जुन्या फॉण्टच्या सांकेतिक अक्षरांत, आणि त्यांचं युनिकोड कसं करायचं, हे काम त्यानंतरचं, आणि त्याला एक्सटी लागत नाही.